फेरसादर काका

पडद्यावर नायिका अखेरच्या घटका मोजत असायची, आजूबाजूच्या बायकांनी रुमाल काढलेले असायचे, आणि आमचे काका चष्मा कपाळावर ढकलून खिशात पेन चाचपत असायचे. पेन सापडलं की मांडीवरच्या पॅडवर अंधारातच लिहायला सुरुवात. ओळीवर ओळ चढायची, वेलांट्या एकमेकींत अडकायच्या, आणि बाहेर उजेडात आल्यावर स्वतःचंच अक्षर लावताना त्यांची त्रेधातिरपीट उडायची. अशाच एका रडक्या सिनेमानंतर मी विचारलं, "एवढा वेळ काय लिहीत होता हो?" पॅड हातभर लांब धरून त्यांनी वाचून दाखवलं: "रुग्णास सलाईन डाव्या हातास. पुढील दृश्यात उजव्या हातास. मध्यंतरी कोणी बदलले, खुलासा नाही." हे लिहिताना त्यांचे स्वतःचे डोळे लालभडक झाले होते, पण त्याची नोंद कागदावर नव्हती.

काका आमच्या बेलापूरच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे, मी दुसऱ्या. मूळचे साताऱ्याकडचे. उभी नोकरी इथल्याच सीबीडी भागातल्या एका सरकारी ऑफिसात कारकून म्हणून काढलेली. ज्यांच्या घरात कुणी सरकारी नोकरीत होतं त्यांना हे सांगायला नको, इतरांसाठी सांगते. फाईल आली की कारकुनानं ती वाचायची, तिच्यावर टिपणी लिहायची, काय करावं ते सुचवायचं, आणि खाली 'आदेशार्थ सादर' असं लिहून ती वर साहेबांकडे पाठवायची. साहेब हिरव्या शाईत एकच शब्द लिहिणार, 'मान्य' नाहीतर 'अमान्य'. काकांनी अशा हजारो टिपण्या लिहिल्या, सगळ्या निळ्या शाईत. 'मान्य' हा शब्द मात्र त्यांनी कुठल्याच फाईलवर लिहिला नाही, कारण तो लिहिणं त्यांचं काम नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी सिनेमे बघायला घेतले आणि मग लक्षात आलं की फायली संपल्या तरी हात थांबायला तयार नाही.

दर शुक्रवारी सकाळी दहाच्या खेळाला काका मेट्रोनं खारघरला जायचे. शनिवारी सकाळी लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर, 'पाण्याची टाकी साफ करणार' आणि 'गाड्या नीट लावा' यांच्यामध्ये, एक फुलस्केप कागद लागलेला असायचा. वर 'विषय', खाली क्रमांक घालून मुद्दे. एका मारधाडीच्या सिनेमावर त्यांनी लिहिलं होतं, "खलनायकाचा दाढीवाला इसम पूर्वार्धात मयत. उत्तरार्धात तोच इसम जीप चालवताना हजर." भुताच्या सिनेमावर, "भूत केवळ भाडेकरूंना त्रास देते, घरमालकास नाही. कारणमीमांसा दिलेली नाही." एका प्रेमकथेत नायिका बॉसच्या तोंडावर नोकरी सोडून नायकामागे धावत सुटते, तर काकांचा मुद्दा असा की "राजीनामा तोंडी दिला आहे. नोटिशीच्या कालावधीचा उल्लेख नाही. तथापि त्यानंतरचे बर्फातील गाणे पाहता सदर त्रुटी क्षमापित करावी." अवकाशयानांच्या सिनेमाचं त्यांना वावडं होतं. त्यावर एकच ओळ असायची: "विषय या कार्यासनाशी संबंधित नाही. योग्य त्या विभागाकडे वर्ग करावा."

आणि जवळजवळ प्रत्येक कागदाच्या शेवटी ते पालुपद ठरलेलं: "दिग्दर्शकास फेरसादर करण्यास सांगावे किंवा कसे, आदेशार्थ सादर." म्हणजे सुधारून पुन्हा आणा म्हणावं का, ते साहेबांनी ठरवावं. त्यावरून सोसायटीतल्या कुणीतरी त्यांना फेरसादर काका म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं की दारावरच्या पाटीवरचं नाव फक्त कुरियरवाल्यालाच माहीत राहिलं. सेक्रेटरींनी एकदा हरकत घेतली की बोर्ड सोसायटीच्या कामाचा आहे, सिनेमाचा नाही. काकांनी दुसऱ्याच दिवशी परवानगीचा अर्ज दिला. त्याला जोडपत्रं होती. पुढचा अर्ज येऊ नये म्हणून सेक्रेटरींनी अर्धा बोर्ड कायमचा काकांना देऊन टाकला.

मी एकदा त्यांना छेडलं, "काका, आदेशार्थ सादर, पण कुणाला? इथे साहेब कोण?"

"बघणारा की!" काका चटकन म्हणाले. "तिकीट काढून बघतो तो साहेब. आपण समीक्षक-बिमीक्षक न्हाई गं. आपण कारकून. आपण फक्त दाखवून द्यायचं, हितं हितं असं आहे. मान्य करायचं का न्हाई ते ज्याचं त्यानं बघावं."

वर्तमानपत्रातले तारे पाहिले की ते खवळायचे. तीन तारे म्हणजे काय, कुठल्या मुद्द्याला तीन, आणि उरलेले दोन कुणाच्या घरी गेले, असं ते पेपर टाकणाऱ्यालाही विचारायला कमी करत नसत.

पण मी त्यांच्या तिरकसपणाबद्दलच सांगत बसले तर ते अर्धंच होईल. सिनेमा आवडला की काकांना दम धरवत नसे. जिना उतरताना चपलांचा फटफट आवाज यायचा आणि बेल वाजायच्या आधीच मला कळायचं. हातात भाजीची पिशवी, एक पाय आत एक बाहेर, आणि "अनघा, बघितलास का तू? न्हाई? मग काय करत होतीस दोन दिवस?" एका छोट्याशा मराठी सिनेमात एक बाई नवऱ्याशी भांडून स्वयंपाकघरात जाते आणि लसूण सोलत बसते. एवढ्या एका प्रसंगासाठी काका तो सिनेमा तीनदा पाहून आले. "आगं, ती लसणाकडं बघतच न्हाई! रागावलेली बाई हाताकडं बघत नसते, हात आपोआप चालतात. आमच्या हिला बघ की!" वरून काकूंचा आवाज आला, "माझं नाव मधे कशाला? आणि कोथिंबीर सुकतेय ती!" काका वर गेले आणि दोन मिनिटांत पुन्हा खाली आले. एक मुद्दा राहिला होता.

त्या उत्साहाची लागण मला झाली. मी ऐरोलीला एका कंपनीच्या बॅक ऑफिसमध्ये दिवसभर स्क्रीनकडे बघून दमणारी बाई. घरी आल्यावर पुन्हा स्क्रीन नको वाटायची. काकांनी मला बघायला शिकवलं असं म्हणणं जरा जड होईल, पण त्यांच्यासोबत बघताना मजा यायची हे नक्की. आम्ही दोघांनी मिळून सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी चार वाजता सिनेमे दाखवायला सुरुवात केली. प्रोजेक्टर माझा, चादर काकूंची, चहा ज्याचा त्याचा.

तिथेच कळलं की काकांचा खरा जीव माहितीपटांवर. बर्फाळ बेटावरच्या पक्ष्यांवरचा एक माहितीपट आम्ही दाखवला. त्यात निवेदन नव्हतं, नुसता वारा आणि पक्षी. काका तासभर पेन उघडायचं विसरले. सोमवारी बोर्डावर लागलं, "पक्षी बोलत नाहीत. त्यांच्या वतीनेही कोणी बोलत नाही. विशेष बाब म्हणून शिफारस." त्याउलट कारखान्यातल्या बायकांवरच्या एका बक्षीसपात्र माहितीपटावर त्यांनी भडिमार केला. का, तर सगळ्या बायका एकसारख्या सुंदर वाक्यांत बोलत होत्या.

ही त्यांची खास परीक्षा होती आणि ती त्यांना ऑफिसनं शिकवलेली. ऑफिसच्या फाटकाबाहेर झाडाखाली टाईपरायटर मांडून लोकांचे अर्ज लिहून देणारे बसायचे. माणूस काहीही सांगो, कागदावर उमटायचं तेच: "गरिबाची दखल घेऊन योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती." काका म्हणायचे, "अर्ज हातात घेतला की दुसऱ्या ओळीला कळायचं, हा माणूस बोलतोय का झाडाखालचा बोलतोय. क्वचित एखादा अर्ज यायचा, मोडक्यातोडक्या अक्षरात, शुद्धलेखनाचा पत्ता न्हाई, पण माणूस समोर येऊन उभा राहायचा बघ. डॉक्युमेंट्री तशी पाहिजे. झाडाखालची नको."

त्यांच्या एका वाढदिवसाला मी त्यांना पेन दिलं. गंमत म्हणून हिरव्या शाईचं. म्हटलं, काका, आता तरी साहेब व्हा. त्यांनी झाकण उघडून नखावर एक बारीक रेघ ओढून पाहिली, खूश झाले, आणि पेन पुन्हा डबीत घालून कपाटात ठेवलं. "छान आहे गं. पण हे आपल्याला वापरता येत न्हाई." मी हसले. ते हसले नाहीत.

मग मला खाज सुटली. आपणही एक माहितीपट करावा. विषय दारातच होता. बेलापूरला खाडीच्या काठी दिवाळे म्हणून कोळ्यांचं गाव आहे. आमच्या सोसायटीत मासे घेऊन येणाऱ्या हिरामावशी तिथल्याच. आठ महिने रविवारच्या रविवार मी कॅमेरा घेऊन त्यांच्यामागे फिरले. होड्या, जाळी, वाळत घातलेला जवळा, सगळं टिपलं. मावशींना मी हौसेनं हिरवं लुगडं आणि ठेवणीतले दागिने घालून जवळ्याशेजारी बसवलं. त्यांनी काय बोलावं तेही कागदावर लिहून नेलं होतं, म्हणजे त्यांना त्रास नको. "दर्या आमची आई आहे. तिच्या कुशीत आम्ही वाढलो." मावशींनी तीनदा म्हणून दाखवलं. फिल्मला मी असं काही भारदस्त नाव दिलं होतं की ते आज सांगायचीही लाज वाटते.

एका महोत्सवात ती पाठवायची होती. शेवटची तारीख दहा दिवसांवर आलेली. त्याआधी हॉलमध्ये घरच्यांसमोर एकदा दाखवावी म्हणून रविवारी लावली. टाळ्या पडल्या. शेजारच्या जोशीकाकू रडल्याच. सगळे "काका, तुमची टिपणी?" म्हणून मागे वळले. मी तर मनातल्या मनात 'विशेष बाब म्हणून शिफारस' ऐकायला सुरुवातही केली होती.

काका उभे राहिले. पॅडकडे न बघता म्हणाले, "होड्या चांगल्या आहेत. पाणी चांगलं आहे. बाई बोलतायत ते त्यांचं न्हाई. ते झाडाखालचं आहे." आणि हळूच, "फेरसादर करावं असं वाटतं."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. नेहमीची गंमत वाटली असेल. माझ्या मात्र कानशिलांपासून आग निघाली. घरी जाऊन मी त्यांना मेसेज पाठवला: "आयुष्यभर लोकांच्या फायली अडवल्यात, आता निदान माझी फिल्म अडवू नका." पाठवताना फार बरं वाटलं. समोर दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. त्या शनिवारी बोर्डाचा अर्धा भाग कोरा राहिला, पुढच्या शनिवारीही.

फिल्म मी पाठवणारच होते. शेवटचं एकदा तपासावं म्हणून लावली, तर नेमका स्पीकर बिघडला. आवाज नव्हता म्हणून नुसतं बघितलं. मावशी "दर्या आमची आई" म्हणत असतील तिथे त्यांची नजर दर वेळी जरा उजवीकडे जात होती. उजवीकडे मी उभी होते, कागद धरून. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. त्या मावशी, ज्या पापलेटचा भाव सांगताना गिऱ्हाईकाच्या डोळ्यांतून नजर काढत नाहीत, त्या माझ्या कागदाकडे चोरून बघत होत्या. मला माझीच शरम वाटली. फिल्म पाठवली नाही. तारीख गेली.

त्यानंतरही वर जायला मला आठवडा लागला. काकांनीच दार उघडलं. मी माफीची सगळी वाक्यं तयार करून गेले होते, त्यातलं पहिलं संपायच्या आत ते म्हणाले, "दिवाळ्याला कधी जायचं? मी येतो. चप्पल काढू नकोस, मी पॅड घेतो." आतून काकू म्हणाल्या, "अगं, तीन आठवडे त्या पॅडला पिशवीत घालून बसलेत. घेऊन जा एकदाचं."

खालून कॅमेरा घेतला आणि तासाभरात आम्ही दिवाळ्याला पोचलो. मावशी साध्या पातळात, पदर खोचून, जवळा पसरत होत्या. मी तिवईवर कॅमेरा लावला, सुरू केला आणि म्हटलं, आज मी काहीच विचारणार नाही, काका विचारतील. आणि इथे काकांनी ती चूक केली जी फक्त तेच करू शकत होते. पॅड मांडीवर घेतलं, पेनाचं टोपण काढलं, आणि तीस वर्षांच्या सवयीनं पहिला प्रश्न टाकला:

"संपूर्ण नाव?"

मावशींचे हात थांबले. "यो मानूस कोन हाय गं?" त्यांनी मला विचारलं. काकांनी तोवर दुसरा प्रश्न टाकला होता. "वय? राहण्याचा पूर्ण पत्ता?" मावशींचा चेहरा एकदम बदलला. जवळा तसाच टाकून त्या गल्लीकडे तोंड करून ओरडल्या, "अगो, ऑफिसातला साहेब आयलाय! कागद आना, कागद!"

पाच मिनिटांत सगळी गल्ली गोळा झाली. प्लॅस्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत रेशनकार्डं, घरपट्टीच्या पावत्या, पिवळे पडलेले अर्ज. मी कपाळावर हात मारला. शूटिंगचं वाटोळं. काका साहेब नाहीत हो, निवृत्त कारकून आहेत, सिनेमे बघतात, असं मी दहा जणींना सांगितलं, एकीनंही ऐकलं नाही. आणि काका? काका खुलले होते! एका उलट्या टोपलीवर बसून एकेक कागद चष्म्याजवळ नेऊन वाचत होते. "हे झालंय तुमचं. ह्याला एक सही राहिली. हे कुणी दिलं तुम्हाला? ह्याचा उपयोग न्हाई."

मावशींचा अर्ज त्यांनी मोठ्यानं वाचला. "मासळी सुकविण्यासाठी शेड मिळावी व योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती." वाचता वाचता थांबले. "मावशी, मासळी सुकवायला शेड?"

"मी कदी बोलली शेड?" मावशी उसळल्या. "मासली सावलीन सुकते काय? मासलीला ऊन पायजे, न् मना सावली पायजे! दिवसभर उन्हान बसून माजी पाठ जलली. मी त्या अर्ज लिवनाऱ्याला बोलली, मना बसाला सावली कर. त्यानं मासलीवर शेड घातली!"

काका एवढे हसले की टोपली कलंडली. डोळे पुसत म्हणाले, "मग आता तुमच्या शब्दांत सांगा. मी तसंच्या तसं लिहितो. एक शब्द इकडचा तिकडं करणार न्हाई." आणि मावशी बोलायला लागल्या. पाठीबद्दल, कावळ्यांबद्दल, बाजारातल्या जागेवरून होणाऱ्या भांडणाबद्दल, नळाबद्दल, सुनेच्या हातच्या कालवणाबद्दल. काका लिहीत होते. मध्येच मावशींनी माझ्याकडे बोट केलं.

"ही पोर चांगली हाय. पन हिनं मना सांगितलं, बोल दर्या आमची आय हाय. मी बोलली. उन्हान उभी व्हती बिचारी, तिला नाय कशाला बोलू? पन साहेब तुमीच सांगा, आयला कोन टोपलीन घालून बाजारान नेतं? दर्या आमचा धंदा हाय. दिलं तर बरं, नाय दिलं तर मी त्याला शिव्या घालते. रोज घालते."

सगळ्या बायका खो खो हसल्या. मीही हसले. लाज वाटत होती आणि तरी हसू थांबत नव्हतं. मग अचानक आठवलं आणि मी वळून पाहिलं. तिवईवरच्या कॅमेऱ्याचा तांबडा दिवा चालू होता. मघापासून चालूच होता. मी त्या क्षणी नाचायचीच बाकी राहिले.

ती नवी फिल्म झाली. नाव ठेवलं 'मासळीला ऊन, मला सावली'. होड्या कमी केल्या, माझे सूर्यास्त सगळे काढले. मावशींचा नवा अर्ज काकांनी स्वतः नेऊन दिला आणि आवक क्रमांक घेऊनच परत आले. सावलीचं काम अजून व्हायचं आहे, पण मावशी तो क्रमांक येणाऱ्याजाणाऱ्याला पाठ म्हणून दाखवतात. फिल्म पुढे दोन-तीन ठिकाणी दाखवली गेली, एका ठिकाणी साडेतीन तारे मिळाले. पण ते नंतर. आधी आमच्या हॉलमध्ये लागली.

त्या रविवारी मावशी तिघी मैत्रिणींना घेऊन रिक्षानं आल्या आणि पहिल्या रांगेत बसून पडद्यावरच्या स्वतःशी वाद घालत राहिल्या. काका पडद्यावर टोपलीवरून कलंडले तेव्हा हॉल डोक्यावर घेतला गेला. मी मात्र शेवटच्या रांगेकडे बघत होते. मला त्या दिवशी टाळ्या नको होत्या. मला त्या एका माणसाची टिपणी हवी होती. संपल्यावर धावत गेले तर मांडीवरचं पॅड कोरं.

"काका?"

"मला लिहिता येणार न्हाई गं," ते म्हणाले. "मी स्वतःच आहे त्या फायलीत. ज्यात आपण आहोत त्यावर टिपणी लिहायची न्हाई. नियम आहे." आणि ते जिना चढून गेले. मी एवढी खट्टू झाले की खुर्च्या आवरायलाही थांबले नाही.

महिन्याभरात काका-काकूंनी गावी जायचं ठरवलं. साताऱ्याजवळ घर बांधून तयार होतं आणि इथल्या दमट हवेत काकूंचे गुडघे धरायचे. निघायच्या सकाळी खाली टेम्पो उभा होता. मी मदतीला वर गेले तेव्हा काकांनी माझ्या हातात एक फाईल ठेवली. बाजारातली नाही, खरी, टॅग लावलेली, सरकारी असते तशी. "हे तुझं तुझ्याकडं राहू दे," म्हणाले, आणि गादीच्या वळकटीला दोरी बांधायला वळले.

जिन्यातच बसून मी ती उघडली. एका बाजूला पत्रव्यवहार, दुसऱ्या बाजूला टिपणी, पानांना क्रमांक. पत्रव्यवहारात पहिलाच कागद माझा होता. मी रागात पाठवलेला तो मेसेज. आयुष्यभर लोकांच्या फायली अडवल्यात. काकांनी तो आपल्या गोल गोल अक्षरात उतरवून घेतला होता, वर 'आवक' आणि तारीख. माझं एकही अक्षर बदललं नव्हतं. त्याखाली मावशींच्या अर्जाची प्रत. मला रडू फुटलं ते तिथे. एवढं लागणारं बोलले होते मी, आणि त्यांनी ते न खोडता, न चिडता, जागच्या जागी लावून ठेवलं होतं, कारण ते माझे स्वतःचे शब्द होते.

आजही कुणासमोर कॅमेरा लावला की मी हातात कागद धरत नाही. ते काकांचंच.

टिपणीच्या बाजूला शेवटच्या पानावर निळ्या शाईत लिहिलं होतं, "प्रस्तुत चित्रपटात अधोस्वाक्षरीकर्ता स्वतः दिसत असल्याने टिपणी लिहिणे नियमात बसत नाही. सबब टिपणी नाही." त्याखाली बोटभर जागा सोडून, हिरव्या शाईत, एकच शब्द होता.

"मान्य."

पुढे सवयीनं हात चालतच राहिला असावा. 'आदेशार्थ सा' एवढं लिहून झालं होतं. मग तिथे थांबून त्यावर एक सरळ रेघ मारली होती, खाडाखोडीशेजारी करतात तशी छोटी सही केली होती, आणि खाली मोठी, पूर्ण नावाची सही. सगळं हिरवं.

मी फाईल छातीशी धरून जिन्यावरून धावत खाली गेले. काकू टेम्पोत पुढे बसल्या होत्या. काका एक पाय पायरीवर ठेवून ड्रायव्हरला दोरी सैल आहे म्हणून सांगत होते.

"काका," मी फाईल पुढे केली. "हे नियमात बसतं?"

काकांनी आधी फाईलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चष्मा कपाळावर ढकलला.

"न्हाई बसत," ते हळूच म्हणाले. "वर कळवू नकोस."